नाशिकमध्ये बाळ दत्तक द्यायचा विचार करणाऱ्या गरोदर मुलीला मिळणारी मोफत मदत – आमचा अनुभव

लग्न झालेलं नाही किंवा नवरा सोडून गेलाय, दिवस गेलेत आणि बाळ सांभाळणं शक्यच नाही अशी कोणी मुलगी तुमच्या ओळखीत असेल तर आधी एवढं वाचा, की तिच्यासाठी नाशिकमध्ये सरकारमान्य मदत आहे, एक रुपया लागत नाही, पोटुशी असल्यापासून ते बाळ दिल्यानंतरही ती मिळते आणि मदत घेतली म्हणून बाळ द्यावंच लागतं असं अजिबात नाही. मी हे सगळं जवळून बघितलं म्हणून लिहितेय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे येईल.

माझी सिडकोत मेस आहे, अंबडला कंपनीत कामाला जाणाऱ्या मुली जेवायला येतात, बऱ्याच जणी सुरगाणा कळवण पेठ दिंडोरीकडच्या, चौघी पाचजणी मिळून रूम करून राहतात. त्यातलीच एक. तिला विचारूनच लिहितेय, वय गाव कंपनी काहीच सांगणार नाही आणि काही बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. संस्थेचं नावही लिहीत नाही, कारण तारखा आणि नावं जुळवून कोणीतरी शोधून काढतं, आणि अशा बाळाची ओळख उघड करणं कायद्यातही बसत नाही. नाशिकमध्ये दत्तक म्हटलं की सगळ्यांना घारपुरे घाटावरचा आधाराश्रम आठवतो, पण मी कुठल्या संस्थेबद्दल लिहितेय याचा अंदाज कृपया बांधू नका. सरकारमान्य विशेष दत्तक संस्था कुठलीही असो, नियम सगळीकडे एकच आहेत.

तिने मला सांगितलं तेव्हा सातवा लागून गेला होता. ओढणी आणि कंपनीचा ढगळ ॲप्रन यात कोणाला कळलंच नाही. मुलगा नंबर बदलून गायब. घरी सांगायची सोय नाही, वडील आणि भाऊ काय करतील याचीच भीती. आणि तोपर्यंत तिला एक "मदत करणारी" बाई भेटलेली पण होती, एका खासगी दवाखान्यात काम करणारी. ती म्हणे एक चांगली पार्टी आहे, मूलबाळ नाही, तुझा सगळा खर्च करतील आणि वर दोन लाख देतील, फक्त ॲडमिट होताना त्या पार्टीतल्या बाईच्या नावाने व्हायचं आणि आत्ताच एका कागदावर सही करून द्यायची. बघा किती सरळ वाटतं ऐकायला. पण त्याचा अर्थ असा की जन्मदाखल्यावर आई म्हणून भलतीच बाई लागणार आणि हिने बाळाला जन्म दिला याचा पुरावाच राहणार नाही. उद्या बाळ कुठे गेलं, कोणाकडे गेलं, पुढे विकलं का, विचारायचं कोणाला?

हे मूल विकणंच आहे हो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ८१, मुलाची खरेदी विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि हॉस्पिटल नर्सिंग होमच्या माणसाने केलं तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. त्या दोन लाखांच्या नादात ही मुलगीच अडकली असती. म्हणून सगळ्यात आधी सांगते, कोणी पैसे देतो म्हणालं की तिथून निघायचं. खऱ्या मार्गात आईला एक पैसा भरावा लागत नाही आणि एक पैसा मिळतही नाही. जी काही ठरलेली फी असते ती दत्तक घेणारे पालक सरकारी दराने भरतात, तिचा आईशी काही संबंध नाही.

मी १०९८ ला फोन लावला. लोकांना वाटतं तो फक्त हरवलेल्या मुलांचा नंबर आहे, पण तसं नाही, तिथून आम्हाला बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबद्दलचे निर्णय घेणारी सरकारी समिती, आणि दत्तक संस्थेचा पत्ता मिळाला. महिलांसाठी १८१ पण आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सिटीलिंकच्या बसने त्या संस्थेत गेलो, ती खिडकीकडे तोंड करून बसलेली, पूर्ण रस्ता एक शब्द नाही.

आता मूळ रिव्ह्यू. तिथल्या समुपदेशक मॅडमनी दार लावून घेतलं आणि पहिले प्रश्न विचारले ते असे, किती महिने झाले, सोनोग्राफी केली का, रक्त तपासलंय का, राहायला जागा आहे का, घरी कळलं तर जिवाला धोका आहे का. बाप कोण, कसं झालं, हे काही नाही. ते तिने स्वतःहून सांगितलं, खूप उशिरा, आणि तेही त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज काहीच ठरवायचं नाही. बाळ जन्माला येईपर्यंत कुठलाच कागद होत नाही, आणि आधी कोणी सही घेतली तर ती चालतही नाही." कारण कायद्याने बाळाला बाल कल्याण समितीसमोर आणावं लागतं, चौकशी आणि समुपदेशन होतं आणि मगच आईची सही. त्या दवाखान्यातल्या बाईला सही आधी हवी होती आणि इथे सही सगळ्यात शेवटी, या एका गोष्टीवरून मला कळलं की आपण बरोबर दारात आलोय.

त्यांनी तिला सगळे रस्ते सांगितले, नुसता दत्तकाचा नाही. गर्भपाताचंही स्पष्ट सांगितलं, की २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो, २० ते २४ मध्ये ठराविक परिस्थितीत दोन डॉक्टर लागतात, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्यात लग्न न झालेल्या मुलींनाही हाच हक्क आहे, पण हिची वेळ निघून गेली होती. हे वाचणाऱ्या कोणाची वेळ अजून गेली नसेल तर लपवत बसू नका, लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. मग बाळ स्वतःकडे ठेवायचं असेल तर काय काय आहे ते सांगितलं, एकट्या पालकाच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये, आईला राहायला शक्ती सदन, पूर्वी ज्याला स्वाधारगृह म्हणायचे ते. २२५० मध्ये काय होतं असं तुम्ही म्हणाल आणि ते खरंच आहे, पण मला हे आवडलं की बाळ मिळवायच्या घाईत कोणी नव्हतं. उलट आईने बाळ स्वतःकडे ठेवावं यासाठी आधी प्रयत्न करायचा असा त्यांना नियमच आहे. तिथे एवढी जोडपी वर्षानुवर्षं वेटिंगवर असतात, तरी त्यातल्या कोणाचा विषयसुद्धा तिच्यासमोर निघाला नाही.

आठव्या महिन्यापासून तिची राहायची सोय झाली, जेवण दोन वेळचं, चहा नाश्ता, तपासणीला सोबत एक ताई. तिथे आणखी दोघीतिघी होत्या, एकमेकींना खरं नाव सुद्धा विचारायच्या नाहीत पण संध्याकाळी एकत्र टीव्ही बघायच्या. मी डबा घेऊन जायचे, तिला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण लागायचं. बाळंतपणही सरकारी दवाखान्यात, पूर्ण फुकट, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम म्हणून २०११ पासून आहे, त्यात औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सिझेरियन, दवाखान्यात आहे तोवरचं जेवण आणि १०२ ची गाडी, सगळं येतं, लग्न झालंय की नाही याची अट नाही.

पण एका दवाखान्यात, केस पेपर काढताना, खिडकीवरच्या माणसाने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, नवऱ्याचं नाव काय, नाही म्हणजे काय, मग हे कसं. ती थरथरायला लागली. सोबतची ताई पुढे झाली आणि अगदी शांतपणे म्हणाली की बापाचं नाव सक्तीचं नाही, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आईने शपथपत्र दिलं की जन्मदाखला तिच्या एकटीच्या नावाने द्यायचा. माणूस गप्प. त्या ताईला माझ्याकडून वेगळे पाच स्टार. एकटी गेली असती तर ती मुलगी त्या खिडकीवरूनच परत फिरली असती आणि कुठे गेली असती देव जाणे.

एक गोष्ट नंतर खूप दिवस माझ्या मनात राहिली. त्यांनी तिच्याकडून घरच्या आजारांची माहिती घेतली, कोणाला शुगर, कोणाला फिट्स, आणि तिच्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, असतो म्हणून ते खास विचारलं, तिची तपासणी करून घेतली. ही माहिती बाळाच्या फाईलमध्ये जाते, नव्या आईबापांना बाळाची तब्येत कळावी म्हणून, पण त्यात हिचं नाव गाव त्यांना दिसत नाही. तिला ते पटायला वेळ लागला. ती म्हणाली काकू, म्हणजे माझ्याकडून त्याला काहीतरी गेलंच की. मोठं झाल्यावर मुलाने शोध घ्यायचा म्हटलं तर तसा अर्ज करता येतो, पण आईने सही करताना ओळख गुप्त ठेवा असं लिहून दिलं असेल तर तिला विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मॅडमनी हे दोन्ही बाजूने समजावलं, घाई न करता, आणि तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

बाळ झालं. नॉर्मल, अडीच किलोच्या वर. तिला जवळ घ्यायचं का नाही, दूध पाजायचं का नाही हे पण तिच्यावर सोडलं, कोणी म्हणालं नाही की बघू नकोस मग जड जाईल, आपल्याकडे बायका असंच सांगतात ना. तिने घेतलं. पाजलं पण.

मग समितीसमोर. मला आत जाता आलं नाही, बाहेर बाकावर होते. लग्न न झालेल्या आईचा सरेंडर डीड, म्हणजे बाळ सोपवल्याचा कागद, शक्यतो समितीतल्या एका महिला सदस्यासमोर व्हावा असं नियमात आहे आणि तसंच झालं. लग्न झालेलं नसेल तर सही फक्त आईची लागते, बापाला शोधत बसायची गरज नाही, याने तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. कागद तिला मराठीत वाचून दाखवला, एकेक ओळ, आणि मधे दोनदा विचारलं की थांबायचं का, कोणी जबरदस्ती केलीय का, पैसे दिलेत का कोणी. सहीनंतर त्या कागदाची कॉपी तिच्या हातात दिली. ही कॉपी आईला द्यायचीच असते, तुम्हाला दिली नाही तर मागून घ्या.

आणि आता जे सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसतं. सही झाली म्हणजे संपलं असं नाही. ६० दिवस असतात. त्या ६० दिवसात आईला वाटलं की नाही, मला माझं बाळ हवंय, तर ती परत येऊ शकते. तोपर्यंत बाळ दत्तक संस्थेत राहतं, कोणाला दिलं जात नाही. ६० दिवसांनंतरच समिती बाळ दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करते, मग कारा या केंद्र सरकारच्या संस्थेच्या यादीतून पालक ठरतात, संस्थेला किंवा आईला आपल्या मर्जीने पालक निवडता येत नाहीत, आणि शेवटचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, आधी कोर्ट द्यायचं. एकदा ते ६० दिवस गेले की मात्र परतीचा रस्ता नाही. हे तिला आधीपासून, अगदी पहिल्या भेटीपासून, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

ते दोन महिने मी विसरणार नाही. ती कामावर परत गेली होती पण दूध येत होतं, छाती भरून यायची, ॲप्रन ओला व्हायचा, लाईनवर उभी राहून ती बाथरूमला पळायची. घट्ट ब्रा, थंड पट्ट्या आणि डॉक्टरांनी दिलेली दूध आटायची गोळी, हे सगळं त्यांनी आधीच समजावून ठेवलं होतं म्हणून निभावलं. रात्री माझ्याकडे येऊन बसायची. एकदा म्हणाली उद्या जाऊन घेऊन येते त्याला. मॅडमना फोन लावला, त्या एवढंच म्हणाल्या, "ये, बाळ इथेच आहे, तारीख अजून गेलेली नाही. आल्यावर ठेवायचं कसं तेही आपण बसून बघू." एका शब्दाने अडवलं नाही. ती गेली, बाळाला भेटली, मॅडमबरोबर बसून पगार, रूमचं भाडं, शिफ्ट, बाळाला बघणार कोण, गावाला सांगणार कोण, हे सगळं कागदावर मांडलं, आणि संध्याकाळी एकटीच परत आली. मला म्हणाली, आता मी दिलंय काकू, आधी ते माझ्याकडून गेलं होतं. मी तिला काय उत्तर देणार होते, दोघी रडलो.

दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांसाठी हेच सांगितलं होतं, गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवून जायचं ते तुमच्या मर्जीवर. तिथेच आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी स्वतः दत्तक घेतला, डॉक्टर केला. त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली आणि आजही आपल्याकडे बाळ कचराकुंडीपाशी किंवा मंदिराच्या पायरीवर सापडल्याच्या बातम्या येतात. बाळ असं टाकणं गुन्हा आहे आणि त्यात बाळ मरू शकतं. समितीपुढे येऊन सरेंडर करणं गुन्हा नाही. टाकलेलं बाळ सापडलं तर त्याच्या नातेवाईकांना शोधायला पेपरात फोटो येतो, सरेंडर केलेल्या बाळाची मात्र जाहिरात देत नाहीत, आईच्या नावाची कुठे वाच्यता होत नाही. एवढं जरी प्रत्येक मेसमध्ये, हॉस्टेलमध्ये, कंपनीच्या लेडीज रूममध्ये लिहून लावलं ना तरी कितीतरी जीव वाचतील.

आता स्टार कापला तो यासाठी. पहिलं म्हणजे ही मदत आहे हे कोणाला कळतच नाही, बोर्ड लहान, त्यावरची भाषा अशी की बारावी झालेल्या पोरीलाही कळणार नाही, "अभ्यर्पण" वगैरे, म्हणजे सरेंडरच. दुसरं, समुपदेशक खूप कमी, एकाच मॅडमकडे किती केसेस, आमच्याशी बोलताना सारखा फोन वाजत होता आणि त्या बिचाऱ्या उचलत नव्हत्या. एका सरकारी ऑफिसात आम्हाला सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवलं, नऊ महिने भरत आलेल्या बाईला पंखा नसलेल्या पॅसेजमध्ये, पाणी मी बाहेरून आणलं. आणि सगळ्यात मोठी कमी म्हणजे नंतरचं. ६० दिवसांनंतर दोन फोन आले आणि मग थांबलं. बाळाची पुढची सगळी काळजी घेतली जाते, नव्या घरी गेल्यावर दोन वर्षं ठराविक काळाने जाऊन बघतात, पण आईचं कोण बघणार? तिला झोप लागत नाही, लहान बाळ दिसलं की ती रस्ता बदलते, तिच्यासाठी सहा महिने वर्षभर तरी कोणीतरी बोलायला असायलाच हवं. मी हे तिथे लिहून दिलंय आणि मॅडमनी ते मान्य पण केलं.

जायचं असेल तर आधार कार्ड, असतील ते सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट आणि विश्वासाचं एक माणूस सोबत न्या, कागद नसले तरी जा, परत पाठवत नाहीत. लग्न झालेलं असेल तर नवरा बायको दोघांची सही लागते, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, आणि त्याचा पत्ताच नसेल तर प्रोसेस वेगळी होते आणि वेळ जास्त लागतो, ते समिती सांगेल. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो, संस्थेला आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, ते तुमच्या हातात नाही, पण त्या भीतीने तिला घरात कोंडून ठेवू नका, तिला तर डॉक्टरची गरज जास्त आहे. आणि सातव्या आठव्याची वाट बघू नका, जितक्या लवकर जाल तितके रस्ते जास्त उघडे असतात. १०९८ चोवीस तास चालू असतो, आपलं नाव सांगितलं नाही तरी बोलतात.